कुमार गटाची सेलिंग रेगाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रथमच रेगाटा, म्हणजे शिडाच्या नौकांच्या शर्यतींची स्पर्धा, भरवणारे क्लब, स्वयंसेवक म्हणून पुढे आलेले पालक आणि नवे रेस ऑफिसर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांतून हे संकलन तयार झाले आहे. उत्तरे वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या सध्या लागू असलेल्या रेसिंग नियमावलीला धरून दिली आहेत. जिथे नियमावली काही सांगत नाही आणि आमचा केवळ अनुभवाचा सल्ला आहे, तिथे तसे म्हटले आहे.

१. रेगाटा नेमकी कोणत्या नियमांवर चालते? मुले लहान असल्यामुळे आम्हाला आमचे सोपे नियम करता येतील का?

वर्ल्ड सेलिंगची नियमावली दर चार वर्षांनी, ऑलिंपिकनंतर सुधारली जाते आणि सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२५ पासून २०२८ अखेरपर्यंत लागू आहे. तिच्या जोडीला त्या नौकेच्या वर्गाचे नियम असतात आणि आयोजकांची दोन कागदपत्रे असतात. पहिले ‘नोटिस ऑफ रेस’, ज्यात कोणाला भाग घेता येईल, वयोगट कोणते, किती शर्यती आणि कोणत्या तारखांना हे येते. दुसरे ‘सेलिंग इन्स्ट्रक्शन्स’, ज्यात मार्ग, झेंडे, वेळेच्या मर्यादा आणि पाण्यावरील शिस्त येते. या दोन्ही कागदपत्रांतून बरेच नियम बदलता येतात, पण सगळे नाही. दोन नौका समोरासमोर आल्यावर कोणी वाट द्यायची हे सांगणारा भाग २ आणि नौका कशाच्या बळावर पुढे न्यायची हे सांगणारा नियम ४२ आयोजकांना बदलता येत नाही. तेव्हा ‘दहा वर्षांखालील मुलांना पोर्ट-स्टारबोर्डचा, म्हणजे वारा कोणत्या बाजूने येतो त्यावरून वाट देण्याचा, नियम लागू नाही’ असे लिहिता येणार नाही. मार्ग लहान करणे, शर्यती कमी ठेवणे, प्रोटेस्टचा, म्हणजे नियमभंगाच्या तक्रारीचा, अर्ज सुटसुटीत करणे या गोष्टी मात्र मोकळेपणाने करता येतात, आणि लहान मुलांना खरी सवलत त्यातूनच मिळते.

२. वयाची अट कशी मोजायची?

वर्गाच्या नियमात अट असेल तर तीच पाळायची. ऑप्टिमिस्टमध्ये सेलर ज्या वर्षी १५ वर्षांचा होतो, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत त्याला भाग घेता येतो. म्हणजे वाढदिवस नव्हे, जन्मवर्ष पाहायचे. ही पेटीसारखी छोटी नौका क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये आखली. तिची लांबी सुमारे २.३ मीटर आणि नुसत्या सांगाड्याचे वजन ३५ किलो असल्याने आठ-नऊ वर्षांचे मूलही ती एकट्याने हाताळते. त्यापुढच्या आयएलसीए ४, म्हणजे पूर्वीच्या लेझर ४.७ साठी आणि इतर वर्गांसाठी वयोगट नोटिस ऑफ रेसमध्ये स्पष्ट लिहावेत. ‘१६ वर्षांखालील’ एवढेच लिहिले की तो १६ कोणत्या तारखेला मोजायचा यावर नोंदणीच्या टेबलावर हमखास वाद होतो. त्या ओळीतच तारीख घालावी.

३. मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी काय काय तपासायचे?

तपासणी करणाऱ्याने कागदावर खूण करून पुढे जाऊ नये, प्रत्येक वस्तूला हात लावावा. लाइफ जॅकेट मुलाच्या अंगात असताना दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढावे. ते कानांपर्यंत आले तर ते मोठ्या भावंडाचे आहे आणि पाण्यात काही उपयोगाचे नाही. जॅकेटला शिट्टी बांधलेली हवी. ऑप्टिमिस्टमध्ये पाणी उपसायचे भांडे दोरीने नौकेला बांधलेले असावे, कारण नौका उलटली की सुटे भांडे पहिल्यांदा वाहून जाते. ओढून नेण्याची तरंगती दोरी किमान ८ मीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड लागते. हवेच्या तिन्ही पिशव्या फुगवून गुडघ्याने दाबाव्यात आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहाव्यात. हळूहळू हवा सोडणारी पिशवी पहिल्या नजरेत कधीच सापडत नाही. शेवटी डोलकाठी खाली बांधली आहे ना, हे नौका थोडी कलती करून पाहावे. उलट्या नौकेतून निसटलेली डोलकाठी आतले लाकूड किंवा फायबर फोडते आणि त्या मुलाची रेगाटा तिथेच संपते.

लाइफ जॅकेटचा नियम मूळ नियमावलीत वाय अक्षराच्या संकेत-झेंड्याशी जोडलेला आहे. कुमार गटासाठी ‘पाण्यावर असेपर्यंत सतत’ असे सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये लिहून टाकावे, म्हणजे झेंडा लावायला कोणी विसरले तरी फरक पडत नाही. वेटसूट किंवा ड्रायसूट म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, हे पालकांच्या बैठकीत सांगावेच लागते.

४. टॅली म्हणजे काय? शर्यतीच्या निकालाशी तिचा काय संबंध?

पाण्यात जाताना आणि परत आल्यावर प्रत्येक सेलरने स्वतः सही करायची किंवा आपल्या क्रमांकाचा बिल्ला उचलून परत टांगायचा, ही टॅली. किती मुले पाण्यावर आहेत याचे उत्तर कोणत्याही क्षणी किनाऱ्यावर मिळावे, एवढाच तिचा हेतू आहे. सही मूलच करते. पालकाने, कोचने किंवा मित्राने केलेली सही ग्राह्य धरू नये. त्यासाठी दंड ठेवायचा असेल तर तो सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये आधी लिहिलेला हवा. आमच्या मते एखाद्या गुणाचा छोटा दंड पुरतो. त्यासाठी शर्यतीतून बाद केले की मुले खाडाखोड करायला शिकतात. सही राहिलीच तर काय करायचे, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

५. स्टार्ट लाइन किती लांब ठेवायची?

नियमावलीत आकडा नाही. प्रचलित पद्धत अशी की सर्व नौकांच्या लांबीची बेरीज करून तिला १.२५ ते १.५ ने गुणायचे. ६० ऑप्टिमिस्ट असतील तर बेरीज सुमारे १३८ मीटर होते, म्हणजे लाइन १७० ते २०५ मीटर. मुले नवखी असतील तर मोठा आकडा घ्यावा.

लांबीपेक्षा कोन जास्त महत्त्वाचा आहे. लाइन वाऱ्याला काटकोनात नसून ५ अंशांनी कलली, तर १७० मीटरच्या लाइनवर एक टोक दुसऱ्यापेक्षा जवळपास १५ मीटर, म्हणजे सहाहून अधिक ऑप्टिमिस्ट लांबी वाऱ्याच्या दिशेने पुढे जाते. मुलांना हे लगेच कळते, सगळी त्या टोकाला गर्दी करतात आणि मग जनरल रिकॉल होतो, म्हणजे सर्वांना परत बोलवून पुन्हा स्टार्ट द्यावा लागतो. लागोपाठ दोन रिकॉल झाले तर मुलांना दोष देण्याआधी लाइन मोजावी.

६. स्टार्टचे सिग्नल कोणत्या क्रमाने देतात?

पाच मिनिटे आधी वर्गाचा झेंडा चढतो आणि एक आवाज होतो. चार मिनिटे आधी तयारीचा झेंडा चढतो, पुन्हा एक आवाज. एक मिनिट उरले की तयारीचा झेंडा उतरतो आणि एक लांब आवाज होतो. शून्यावर वर्गाचा झेंडा उतरतो, एक आवाज होतो आणि शर्यत सुरू होते.

वेळ झेंड्यावरून मोजायची असते, आवाजावरून नाही. हॉर्न वाजला नाही तरी स्टार्ट वैध असतो. म्हणून झेंडा ओढणाऱ्याच्या हाती दुसरे काम देऊ नये. हॉर्न बंद पडला तर निभते, दोरीत अडकलेला झेंडा निभत नाही. अशा वेळी लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा एपी झेंडा दोन आवाजांसह चढवून सरळ पुढे ढकलावे. तो एका आवाजासह उतरल्यानंतर एका मिनिटाने पाच मिनिटांचा सिग्नल पुन्हा देता येतो.

७. तयारीच्या झेंड्यांपैकी मुलांसाठी कोणता वापरावा? काळा झेंडा लावावा का?

पहिल्या प्रयत्नाला निळ्यावर पांढरा चौकोन असलेला पी झेंडा. त्यात लाइनआधी निघालेल्या मुलाला परत फिरून पुन्हा नीट निघण्याची मुभा असते आणि शिकणाऱ्यांना ती हवीच. जनरल रिकॉल झाला तर पुढच्या वेळी लाल-पांढऱ्या चौकटींचा यू झेंडा. यात शेवटच्या मिनिटात लाइनची दोन टोके आणि पहिला मार्क (मार्गाची खूण म्हणून टाकलेला बोया) यांच्यामधल्या त्रिकोणात जी नौका दिसेल ती सुनावणीशिवाय बाद होते. मात्र शर्यत पुन्हा सुरू झाली किंवा पुन्हा घेतली तर ही शिक्षा उरत नाही.

काळ्या झेंड्यात ही सवलत नाही. शेवटच्या मिनिटात पुढे सापडलेल्या नौकेला पुन्हा सुरू होणाऱ्या शर्यतीतही उतरता येत नाही, आणि तिचा क्रमांक फलकावर लावावा लागतो. दहा वर्षांचे मूल लाइनच्या बाजूला तासभर एकटे तरंगत, मित्रांची शर्यत बघत बसते. नियम परवानगी देतो, पण आम्ही कुमार गटात तो शक्यतो टाळतो आणि अंधार पडण्याआधी शर्यत सुटावी एवढ्याच कारणासाठी कधीतरी वापरतो.

८. एखादेच मूल लाइनआधी निघाले आणि त्याला ते कळलेच नाही तर?

स्टार्टनंतर लगेच पांढऱ्यावर निळा उभा-आडवा क्रॉस असलेला एक्स झेंडा एका आवाजासह लावायचा. सगळ्या चुकलेल्या नौका परत फिरेपर्यंत, किंवा जास्तीत जास्त स्टार्टनंतर चार मिनिटे, तो ठेवतात. पुढचा स्टार्ट जवळ असेल तर त्याच्या एक मिनिट आधी उतरवतात. कोणती नौका चुकली हे ओरडून सांगण्याचे बंधन समितीवर नाही. नवख्यांच्या गटात भोंग्यावरून क्रमांक पुकारायचे ठरवले, तर ते सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये लिहावे आणि ‘पुकारले नाही किंवा ऐकू आले नाही म्हणून भरपाई (प्रश्न १५) मागता येणार नाही’ हेही त्यातच लिहावे. चुकलेल्यांची ओळख पटत नसेल इतकी गर्दी असेल तर फर्स्ट सबस्टिट्यूट झेंडा दोन आवाजांसह लावून सर्वांनाच परत बोलवावे.

९. वारा किती असला तर शर्यत घ्यायची, आणि मध्येच थांबवायची कधी?

नियमावली वाऱ्याची मर्यादा सांगत नाही; आयोजकांनी ती ठरवावी. आमचा सल्ला असा की अनुभवी ऑप्टिमिस्ट सेलरसाठी आणि पहिल्याच रेगाटात आलेल्यांसाठी आकडे वेगळे असावेत. नवख्यांसाठी १२ ते १५ नॉट, म्हणजे ताशी २२ ते २८ किलोमीटरच्या पुढे आम्ही स्टार्ट देत नाही, मग किनाऱ्यावरून कोणी कितीही आग्रह करो. खालच्या बाजूला, वारा इतका मंद असेल की पहिला मार्क कोणी वेळेत गाठणार नाही, तर मुलांना उन्हात बसवून ठेवण्यात अर्थ नसतो.

शर्यत सुरू झाल्यावर निळ्या-पांढऱ्या चौकटींचा एन झेंडा तीन आवाजांसह लावून ती रद्द करता येते. त्याची कारणे नियमात आहेत: खराब हवामान, वेळेत कोणी पूर्ण करण्याची शक्यता नसणे, मार्क हरवणे किंवा सरकणे, आणि सुरक्षितता किंवा न्याय्यता यांवर थेट परिणाम करणारे दुसरे काहीही. एनखाली एच असेल तर सर्वांनी किनाऱ्यावर यायचे आणि पुढचे सिग्नल तिथे मिळतील. एनखाली ए असेल तर त्या दिवशी शर्यत नाही. ढगांचा गडगडाट ऐकू आला की आम्ही पुढच्या विजेची वाट पाहत नाही. एखादी नौका वेळेत शर्यत पूर्ण करून बसली असेल तर मात्र रद्द करण्यापूर्वी सर्व नौकांवर काय परिणाम होईल याचा विचार करणे समितीला बंधनकारक आहे. अजून कोणी शर्यत पूर्ण केलेली नसताना मुलांची दमछाक होत असेल तर पांढऱ्यावर निळा चौकोन असलेला एस झेंडा दोन आवाजांसह लावून पुढच्या मार्कापाशी शर्यत संपवणे अनेकदा अधिक न्याय्य ठरते. पण हा झेंडा पहिली नौका तिथे पोहोचण्याआधीच लागायला हवा.

१०. कोच आणि पालकांच्या बोटी कुठे थांबायच्या? आम्ही फक्त पाणी द्यायला जवळ गेलो होतो.

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि तो मुले कधीच विचारत नाहीत. नियमावलीत ‘सपोर्ट पर्सन’ या व्याख्येत कोच, प्रशिक्षक, वैद्यकीय मदतनीस तर येतातच, पण सेलरचे आई-वडील किंवा पालक हेही केवळ नात्यामुळे येतात, मग ते बोटीत असोत वा धक्क्यावर. सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये सामान्यतः असे लिहिलेले असते की पहिल्या स्टार्टच्या तयारीच्या सिग्नलपासून सर्व नौका शर्यत पूर्ण करेपर्यंत, निवृत्त होईपर्यंत किंवा शर्यत रद्द होईपर्यंत या बोटींनी शर्यतीच्या क्षेत्राबाहेर राहायचे. पाणी, खाऊ, सल्ला हे सगळे दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत. समितीने सुरक्षिततेसाठी हाक दिली तर याच बोटी आत येऊन कोणत्याही मुलाला मदत करतात, केवळ आपल्या नाही.

नियम मोडणाऱ्या सपोर्ट पर्सनला सुनावणीनंतर समज देता येते किंवा रेगाटातून बाहेर काढता येते. त्या वर्तनामुळे सेलरला फायदा झाला असेल, किंवा लेखी ताकीद दिल्यावरही तेच पुन्हा झाले, तर मुलाच्या नौकेलाही शिक्षा होऊ शकते. हे वाक्य आम्ही पालकांच्या बैठकीत दोनदा वाचून दाखवतो.

११. नौका उलटली आणि सेफ्टी बोटने मदत केली तर मूल बाद होते का?

आजारी, जखमी किंवा संकटात असलेल्या सेलरला बाहेरची मदत घेता येते आणि त्यानंतर तो शर्यत पुढे चालू ठेवू शकतो. पण त्या मदतीमुळे त्याला शर्यतीत मोठा फायदा झाला, उदाहरणार्थ नौका मार्कच्या पलीकडे ओढून सोडली, तर त्याच्याविरुद्ध प्रोटेस्ट होऊ शकतो आणि शिक्षा होऊ शकते, जी बाद करण्यापेक्षा सौम्यही असू शकते. मूल धोक्यात नसताना केवळ नौका सरळ करायला हात लावला, तर ती नियमाबाहेरची मदत. सेफ्टी बोटवाल्याने म्हणून आधी जवळ जाऊन विचारावे, ‘ठीक आहेस ना?’, आणि मुलाचा चेहरा पाहावा. शंका असेल तर मदत करावी. शर्यतीचा हिशेब नंतर होतो.

पाण्यात मूल असताना त्याच्या जवळ इंजिन बंद करायचे आणि चालकाने किल कॉर्ड (तो पडला की इंजिन बंद करणारी दोरी) लावलेलीच हवी. मूल आधी, नौका नंतर. मुलाला उचलून नौका तशीच सोडावी लागली तर तिच्यावर ठळक रंगाची फीत बांधावी. नाहीतर दुसरी सेफ्टी बोट त्याच रिकाम्या नौकेखाली मूल शोधत राहते.

१२. प्रोटेस्ट कोण करू शकते? मुलाला काय काय करावे लागते?

प्रोटेस्ट नौका करते, किंवा शर्यत समिती, तांत्रिक समिती, तक्रारींचा निकाल देणारी प्रोटेस्ट समिती यांपैकी कोणी. पालकाला प्रोटेस्ट करता येत नाही. पालकाने समितीच्या कानावर घातलेल्या माहितीवरून समितीने स्वतःहून प्रोटेस्ट करणेही नियमाला धरून नाही, कारण त्या पालकाचे हितसंबंध गुंतलेले असतात.

मुलाने पहिल्या योग्य संधीला ‘प्रोटेस्ट’ अशी हाक द्यायची. शब्द ठरलेला आहे. ‘मी सांगणार आहे तुझं’ म्हटलेले चालत नाही. ६ मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेला लाल झेंडा लागत नाही, त्यामुळे ऑप्टिमिस्ट, आयएलसीए यांना नुसती हाक पुरते. मग किनाऱ्यावर मुदतीत लेखी अर्ज. सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये मुदत दिली नसेल तर शेवटच्या नौकेने शर्यत संपवल्यापासून दोन तास. चूक आपलीच आहे हे कळले तर मुलाने लगेच बाजूला होऊन नौका गोल फिरवून दोन पूर्ण फेऱ्या घ्याव्यात. फक्त मार्कला स्पर्श झाला असेल तर एक फेरी. सुनावणीत मूल स्वतः बोलते. सोबत एक प्रौढ शांत बसू द्यावा, असा आमचा सल्ला आहे, आणि प्रश्न विचारताना टेबलावर छोट्या नौका मांडाव्यात. शब्दांत अडखळणारे मूल त्या नौका हलवून नेमके काय झाले ते अर्ध्या मिनिटात दाखवते.

नियम ४२ च्या भंगासाठीचे परिशिष्ट पी लागू असेल तर जोरजोरात शीड ओढणे, नौका डोलवणे यासाठी पंच पिवळा झेंडा दाखवतात. पहिल्या वेळी दोन फेऱ्या, दुसऱ्या वेळी त्या शर्यतीतून निवृत्ती. यासाठी सुनावणी होत नाही.

१३. समितीत स्पर्धकाचे वडील आहेत. चालेल का?

शर्यत समितीत, म्हणजे मार्क टाकणे, वेळ घेणे यात चालते. कुमार गटाच्या रेगाटा त्यांच्याशिवाय उभ्याच राहत नाहीत. प्रोटेस्ट समितीत, ज्या सुनावणीत आपल्या मुलाचा निकाल बदलू शकतो तिथे बसता येत नाही. हे स्वतःहून आधी सांगून बाजूला व्हावे.

१४. गुण कसे मोजतात? दोघांचे गुण सारखे झाले तर?

पहिल्याला १, दुसऱ्याला २ असे गुण, आणि सर्वांत कमी बेरजेचा जिंकतो. न आलेल्या, पूर्ण न केलेल्या, निवृत्त किंवा बाद झालेल्या नौकेला एकूण नोंदणीपेक्षा एक जास्त गुण मिळतात. वेगळे काही लिहिले नसेल तर प्रत्येकाचा एक सर्वांत वाईट निकाल वगळला जातो.

समजा पाच शर्यतींत एकीचे १, ४, २, ६, ९ आणि दुसरीचे ३, ३, ८, २, ५ गुण आहेत. ९ आणि ८ वगळले की दोघींचे १३. आता उरलेले गुण चांगल्यापासून वाईटापर्यंत मांडायचे: १, २, ४, ६ आणि २, ३, ३, ५. पहिल्याच जागी १ विरुद्ध २, म्हणून पहिली पुढे. याद्या हुबेहूब सारख्या असत्या तर शेवटच्या शर्यतीत कोण पुढे होते ते पाहायचे, आणि त्यात वगळलेली शर्यतही धरायची.

१५. भरपाई म्हणजे रिड्रेस कधी मिळते?

आपली चूक नसताना आपला गुण किंवा स्थान लक्षणीय बिघडले असेल, आणि त्याचे कारण नियमात बसत असेल तेव्हा. समितीची चूक हे एक कारण. एकदा भिजलेल्या कागदावर आम्हीच ११७४ चे ११४७ केले होते. तेव्हापासून फिनिशला एकजण क्रमांक पुकारतो, दुसरा लिहितो आणि रेकॉर्डर सुरू असतो. दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे संकटातील सेलरला मदत करणे. मदत करणे हे नियमावलीतले पहिलेच बंधन आहे, त्यामुळे मित्राला वाचवायला शर्यत सोडणाऱ्या मुलाने रिड्रेस मागावी. बहुधा त्याला त्या शर्यतीसाठी इतर शर्यतींतील गुणांची सरासरी दिली जाते. मुलांना हे ठाऊक नसते, म्हणून पाण्यावरचा प्रसंग पाहिलेल्याने त्यांना सांगावे.

१६. सगळ्या नौका परत आल्या, पण टॅलीवर एक सही कमी आहे. आता काय?

सही कमी आहे तोवर ते मूल पाण्यावर आहे असेच धरायचे. ‘विसरला असेल’ हे अनुमान शंभरातून नव्वद वेळा खरे ठरते, म्हणूनच ते धोकादायक आहे. किनाऱ्यावरचा एकजण नौकेच्या क्रमांकाने नौका शोधतो, दुसरा त्याच्या कोचला आणि पालकांना गाठतो, आणि तोपर्यंत एकही सेफ्टी बोट पाण्याबाहेर काढायची नाही. नौका स्टँडवर सापडली तरी पुरेसे नाही, कारण ती दुसऱ्या कोणी आणलेली असू शकते. मूल डोळ्यांनी दिसले, त्याने स्वतः सही केली, की रेडिओवर पूर्ण संख्या पुकारायची आणि मगच बोटींना परत बोलवायचे. आमच्याकडे असे मूल बहुतेक वेळा अंघोळीच्या रांगेत सापडते.